सरकारचे वरिष्ठ सल्लागार खरोखर विचारांना बांधलेले असतात की संधी बघून भूमिका घेतात?

तुम्ही विचारलंय की सरकार कोणतंही असो, सल्लागार मंडळी तीच कशी टिकतात आणि त्यांच्या विचारसरणीवर विश्वास ठेवायचा तरी कसा. वारा येईल तशी पाठ देणारी माणसं दिल्लीत कायमच होती, ते मी नाकारत नाही. पण माझ्या मते आधी सल्ला घेणाऱ्याकडे बघायला हवं. संधी बऱ्याचदा तोच साधत असतो.

इंदिरा गांधींचा काळ घ्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. तेव्हा पंतप्रधानांचे सचिव होते लक्ष्मीकांत झा. निर्णयावर डाव्या-उजव्या सगळ्यांनी टीका केली, १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला मोठा फटका बसला आणि त्याच वर्षी झांच्या जागी परमेश्वर नारायण हक्सर आले, विचारांनी पक्के डावे. दोन वर्षांत १४ बँका सरकारच्या झाल्या. पुढे १९८० मध्ये सत्तेवर परतल्यावर इंदिराजींनी आणखी ६ बँका ताब्यात घेतल्या खऱ्या, पण लगेच १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून प्रचंड कर्जही मंजूर करून घेतलं आणि आर्थिक प्रशासनात सुधारणा सुचवणारा आयोग नेमला तो झांच्याच अध्यक्षतेखाली. झा होते तिथेच होते, हक्सरही होते तिथेच होते. ज्या वेळी जो विचार उपयोगी पडेल, त्या विचाराचा माणूस जवळ घेतला गेला.

हक्सरांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा प्रश्न त्यांना सगळ्यात जास्त लागू पडतो. लंडनमध्ये शिकत असल्यापासून ते समाजवादी, आणि इंदिरा-फिरोज यांच्याशी ओळखही तेव्हापासूनची. १९६९ मध्ये सिंडिकेटशी, म्हणजे काँग्रेसमधल्याच जुन्या वजनदार नेत्यांच्या गटाशी, इंदिराजींचा संघर्ष पेटला तेव्हा त्यांचा सल्ला असा होता की हे भांडण माणसांचं दिसता कामा नये, धोरणाचं दिसायला हवं. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं आणि १९ जुलैला राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. ही विचारसरणी की डावपेच? दोन्ही. हक्सरांना बँका मनापासून सरकारच्या ताब्यात हव्या होत्या, आणि इंदिराजींना पक्ष हातात हवा होता. दोघांची वाट एक होती तोवर बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच वेगळं काढता आलं नसतं.

वाट फुटली ती संजय गांधींच्या मारुती या छोट्या मोटारीच्या प्रकल्पावरून. हक्सरांनी विरोध केला, आणि मुलाच्या बाबतीत आईला न आवडणारं बोलण्याची किंमतही मोजली. १९७३ च्या सुरुवातीला ते पंतप्रधानांच्या सचिवालयातून बाहेर पडले. आणीबाणीत, जुलै १९७५ मध्ये, दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधल्या 'पंडित ब्रदर्स' या त्यांच्या नातेवाइकांच्या दुकानावर कारवाई झाली. मालावर किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत असं कारण देऊन त्यांच्या वृद्ध काकांना अटक केली गेली. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर हे प्रकरण पुढे आलं.

आणि तरीही हक्सर पदावर राहिले. त्या वेळी ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि १९७७ पर्यंत तिथेच होते. त्यांना संधिसाधू म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण साधण्यासारखी संधी तेव्हा उरलीच नव्हती. पण देशभर माणसं तुरुंगात असताना त्यांच्यासारख्या विद्वानाचं तिथे असणं हा सरकारला आधारच होता. ते चूक होतं, असं मी स्पष्ट म्हणेन.

त्याहून मोठा दोष मला त्यांच्या आवडत्या कल्पनेत दिसतो. प्रशासनाला सामाजिक उद्दिष्टांशी बांधिलकी हवी, असं त्या वर्तुळात आग्रहाने मांडलं जायचं. हेतू चांगला असेलही. पण बांधिलकी कोणाशी, हे ठरवायचा अधिकार शेवटी वरच्याच माणसाकडे गेला, आणि १९७५ मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानातून आलेल्या तोंडी निरोपांवर अधिकाऱ्यांनी लोकांना अटक केली. निव्वळ पदासाठी टिकून राहणाऱ्या माणसाच्या हातून एवढं नुकसान क्वचितच होतं.

मनमोहन सिंग यांचं नाव अशा चर्चेत हमखास येतं: १९७२ मध्ये मुख्य आर्थिक सल्लागार, नंतर रिझर्व्ह बँक, योजना आयोग, चंद्रशेखरांचे सल्लागार आणि १९९१ मध्ये थेट उदारीकरण. मी त्यांना रंग बदलणारा म्हणणार नाही. भारताने निर्यातीबद्दल बाळगलेली निराशा चुकीची आहे, हे त्यांनी १९६० च्या दशकातच ऑक्सफर्डच्या संशोधनात मांडलं होतं. मधली वीस-पंचवीस वर्षं मात्र त्यांनी ज्या धोरणांची सेवा केली, ती बरीचशी त्याच्या उलट होती. तेव्हा ते गप्प का होते, हा प्रश्न रास्त आहे.

माझ्या मनात आदर आहे तो धनंजयराव गाडगीळांबद्दल. पुण्याच्या गोखले संस्थेत बसून त्यांनी सरकारी नियोजनावर वर्षानुवर्षं कडक टीका केली, आणि १९६७ मध्ये त्याच योजना आयोगाचं उपाध्यक्षपद स्वीकारलं. वरवर बघता यालाही कोणी संधिसाधूपणा म्हणेल. पण तिथे जाऊन त्यांनी काय केलं ते बघा. राज्यांना मिळणारी योजनेची मदत तोवर बरीचशी दिल्लीच्या मर्जीवर असायची. ती त्यांनी सूत्रात बसवली: ६० टक्के लोकसंख्येवर, उरलेली दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर प्रत्येकी १० टक्के. म्हणजे ज्यांनी त्यांना खुर्ची दिली, त्यांचेच हात त्यांनी त्या खुर्चीवरून थोडे बांधले. १९७१ च्या निवडणुकीनंतर त्यांनी पद सोडलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

म्हणून आजच्या कुठल्याही सल्लागाराबद्दल मत बनवताना मी त्याची भाषणं बाजूला ठेवतो. पदावर येण्याआधी त्याने काय लिहिलं होतं ते वाचतो, आणि त्याच्या सल्ल्याने वरिष्ठांचा अधिकार वाढला की कमी झाला ते बघतो.