आरोग्य प्रश्नोत्तरे : गोवर एकदाच, सर्दी पुन्हा पुन्हा

प्रश्न : गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. मग सर्दी वर्षातून तीन-चार वेळा का होते? सर्दीच्या बाबतीत आपली प्रतिकारशक्ती कच्ची पडते का?

उत्तर : वडीलधाऱ्यांचे निरीक्षण खरे आहे आणि त्याचा एक भक्कम पुरावा 1846 सालचा आहे. त्या वर्षी उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि आठ हजारांहून कमी वस्तीपैकी सुमारे सहा हजार माणसे आजारी पडली. साथीची पाहणी करण्यासाठी पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या असे ध्यानात आले की, याआधी 1781 साली आलेल्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ते म्हातारे लोक या खेपेस अजिबात आजारी पडले नाहीत. त्यांच्याच वयाचे, पण तेव्हा गोवरातून सुटलेले लोक मात्र आजारी पडले. मधली 65 वर्षे बेटांवर गोवर नव्हता, म्हणजे रोगजंतूशी पुन्हा गाठ न पडताही शरीराने त्याची ओळख जपून ठेवली होती.

ही ओळख तयार व्हायला वेळ लागतो. जंतू शरीरात शिरला की काही तासांतच ज्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात, त्या नेमका कोणता जंतू आला आहे याची बारकाईने पारख करत नाहीत. जागा लाल होणे, सुजणे, ताप येणे हा बहुतांशी त्यांच्याच कामाचा परिणाम असतो. दरम्यान काही पेशी जंतूचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन तेथील असंख्य लिंफोसाइट (एका जातीच्या पांढऱ्या) पेशींसमोर मांडतात. त्यांतील ज्या मोजक्या पेशी त्या तुकड्याशी तंतोतंत जुळतात, त्यांचीच झपाट्याने वाढ होते. घसा दुखत असताना जबड्याखाली हाताला लागणारी दुखरी गाठ याच धामधुमीची खूण असते. पुढे यांतील बी-पेशी या प्रकारापासून प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिने, तयार होतात, तर टी-पेशी हा दुसरा प्रकार जंतूने ग्रासलेल्या आपल्याच पेशी नष्ट करतात. पहिल्या खेपेस याला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि आजाराचे हाल आपण भोगतो ते मुख्यतः या काळात. आजार ओसरल्यावर यांतील बहुतेक पेशी मरतात. थोड्या त्या जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून उरतात, तर प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे तग धरतात. लस हीच तयारी आजाराशिवाय करून घेते.

आता सर्दीविषयी. गोवराच्या विषाणूचा जो भाग प्रतिपिंडे ओळखतात, तो फारसा बदलत नाही. सर्दी मात्र एका विषाणूची नव्हेच : एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि इतर कुळांचे विषाणूही सर्दी आणतात. तेव्हा या वर्षीची तुमची तिसरी सर्दी बहुधा पहिलीहून निराळ्याच विषाणूची असते. सर्दीच्या विषाणूंची स्मृती गोवराइतकी दीर्घकाळ टिकत नाही हे खरे, पण मुख्य कारण विषाणूंची ही विविधता. इन्फ्लुएंझाचा विषाणू तर आपले रूप सतत बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते.

यावरून ‘मग मुलाला गोवर येऊनच जाऊ द्यावा’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच हल्ला करतो आणि इतर रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही काही प्रमाणात पुसून टाकतो. लसीमुळे असे होत नाही.

प्रश्न : सर्दी-तापावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या तर चालेल का?

उत्तर : नाही. त्या गोळ्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे.

प्रश्न : सॅनिटायझर वापरत असल्यास साबणाने हात धुण्याची गरज उरते का?

उत्तर : उरते. अल्कोहोल विषाणूचे स्निग्ध वेष्टन मोडते, त्यामुळे असे वेष्टन असलेल्या इन्फ्लुएंझासारख्या विषाणूंवर सॅनिटायझर उपयोगी पडते. पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला हे वेष्टनच नसते. त्याला साबण आणि पाण्याने चोळून हातावरून काढूनच टाकावे लागते. हात मळलेले असतील तर सॅनिटायझरचा प्रभाव आणखी उणावतो.

मात्र हात धुतले म्हणजे सर्व रोग टळले, असे मानणे हा माझ्या मते आजचा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. उपाय रोगाच्या वाटेप्रमाणे बदलावा लागतो. क्षय आणि गोवर हवेतून पसरतात. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही त्याचा विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, तेव्हा तेथे खिडक्या उघड्या ठेवणे, मास्क आणि गोवरासाठी मुख्यतः लस हेच कामाचे. कॉलऱ्याला शुद्ध पाणी आणि मैल्याची योग्य विल्हेवाट, तर हिवतापाला डासांचा बंदोबस्त लागतो. जेथे हात हीच वाट आहे, तेथे किमान 20 सेकंद चोळावे आणि सहसा राहून जाणारे अंगठे व बोटांची टोके धुवावीत. त्यानंतर हात स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडेही करावेत, कारण ओल्या हातांवरून जंतू अधिक सहज पसरतात.