मदतनिधी गोळा करताना खर्च झाकू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चॅनेलवरून लाइव्ह कार्यक्रम करून मदतनिधी गोळा करण्याच्या मोहिमेच्या आवाहनाचा मसुदा वाचला. कळकळ अक्षराअक्षरांत आहे, पण 'तुमची शंभर टक्के रक्कम गरजूंपर्यंत पोहोचेल' हे वाक्य आधी काढ. ऑनलाइन देणगी आली की पेमेंट गेटवेवाले, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी कंपनी, आपलं शुल्क कापूनच उरलेले पैसे खात्यात टाकतात. म्हणजे पहिल्याच देणगीला ते वाक्य खोटं ठरतं. हा खर्च कुणी वेगळा उचलणार असेल तर तसं स्पष्ट लिही, मग वाक्य खुशाल ठेव.

असा माणूस शोधणं फायद्याचंही आहे. 2014 साली 'सायन्स' नियतकालिकात ऊरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. 40,000 लोकांना मदतीची पत्रं गेली. काहींना साधं आवाहन, काहींना 'एका दात्याने मोठी रक्कम आधीच दिली आहे', काहींना 'तुम्ही द्याल तेवढीच भर तो घालेल' आणि काहींना 'व्यवस्थापनाचा खर्च त्याने आधीच उचलला आहे', असं कळवलं होतं. सर्वांत जास्त पैसे या शेवटच्या गटाकडून आले.

पण यावरून खर्च म्हणजे पाप असं समजू नकोस. हिशेबनीस, लेखापरीक्षण, वाहतूक, फोन यांशिवाय मदत पोहोचतच नाही. संस्था खर्च कमी दाखवतात, देणाऱ्यांना तेवढ्यातच भागतं असं वाटू लागतं, मग संस्था आणखी काटकसर करतात आणि शेवटी कामच खंगतं. संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या चॅरिटी नेव्हिगेटर, गाइडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनीही 2013 साली देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं होतं की, नुसत्या खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका.

तुझे स्वयंसेवक पदरमोड करतात आणि त्याची नोंद कुठेच नाही, हे मला खटकलं. पावती घ्या, खर्चाच्या बाजूला लिहा आणि तेवढीच रक्कम त्यांची देणगी म्हणून जमेला दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी ते नसले की मोहिमेला खरा खर्च किती येतो हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता बाजूने येणाऱ्या पैशांबद्दल. खरी भांडणं इथेच होतात. निधीवर बँकेचं व्याज मिळतं, मोहिमेच्या खरेदीवर कार्डाला कॅशबॅक मिळतो, लाइव्ह कार्यक्रमाच्या जाहिरातींचे पैसे तुझ्या चॅनेलला येतात. माझं मत ठाम आहे: मोहिमेमुळे आलेला पैसा मोहिमेचा. व्याज मुद्दलाबरोबर जातं, कॅशबॅक निधीत जमा होतो. जाहिरातींच्या उत्पन्नातला काही भाग तुला ठेवायचा असेल तर त्यात गैर नाही, तुलाही पोट आहे. पण किती ठेवणार ते कार्यक्रमाच्या आधी आणि देणगीच्या बटणाजवळच लिहिलेलं हवं. नंतर कुणी विचारल्यावर दिलेलं तेच उत्तर सारवासारव वाटतं.

टीशर्ट विकण्याचा बेतही असाच. शर्टाची पूर्ण किंमत निधीत जाणार की छपाई वजा जाता उरेल ते? घेणारा पहिलं गृहीत धरतो. प्रत्येक शर्टामागे निधीला नेमके किती मिळतील तो आकडा किमतीशेजारीच छाप.

गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारीने काम करणारा माणूस नेमू नकोस. निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांच्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या आचारसंहितेतही हे निषिद्ध आहे. ठरलेलं मानधन दे आणि ते उघड लिही. टक्केवारीवरचा माणूस देणाऱ्याची ऐपत न बघता मागे लागतो, आणि दुखावलेला दाता परत फिरकत नाही.

खातं वेगळं उघड, तुझ्या घरखर्चाच्या खात्यातून काहीही फिरवू नकोस. गरजेपेक्षा जास्त पैसे जमले तर ते कुठे जातील, हेही आवाहनातच ये‍ऊ दे.

सुधारलेला मसुदा पाठवशील तेव्हा खर्चाचा अंदाज आणि शर्ट छापणाऱ्याचं दरपत्रक सोबत जोड. दोन्ही बघून मग आकडे ठरवू.