बाळ झाल्यापासून मी स्वतःच हरवल्यासारखी वाटते. असं वाटणं स्वार्थीपणाचं आहे का?

नाही ताई, अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की बाळ सात महिन्यांचं आहे, त्याच्यावर खूप जीव आहे, तरी ते झोपलं की ऑफिसचे जुने फोटो बघून रडू येतं, आणि सासूबाई म्हणतात, "आता बाळातच रमायचं." बाळावर जीव असतो आणि आपली स्वतःची आठवणही येते. दोन्ही खरं असतं.

मी नाशिकला एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगचं काम करते. मुलगी झाली तेव्हा घरच्यांनी माझं सगळं मनापासून केलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रोजचं मालिश, शेक-शेगडी. मन कसं आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. येणारा प्रत्येक जण "दूध पुरतंय ना?" एवढंच विचारायचा. पुढे लसीच्या रांगेत, पाळणाघरात, शाळेच्या ग्रुपवर मी अमकीची आई. ती हाक मला आवडायचीच, पण दिवसभरात माझ्या नावाने कोणी बोलावलंच नाही की संध्याकाळी आतून रितं वाटायचं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या कागदपत्रांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. घरात तेवढी जागा आपली आपल्यालाच मागावी लागते.

मी रविवारची सकाळ मागितली. नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, या वेळात तू मला मदत करायची नाहीस, मुलीचं सगळं तूच बघायचंस. सुरुवातीला फोन यायचे: पेजेत तूप किती घालू, दुपटी कुठे आहेत, ती रडतेय. मी शांतपणे म्हणायचे, "बघ तुला काय सुचतंय." हळूहळू फोन थांबले. मी सराफ बाजारात सरकारवाड्यासमोर बसून लाकडी खांबांवरची नक्षी वहीत काढायचे. ती रेघ माझी होती, तिचा कोणाला काही उपयोग नव्हता, आणि म्हणूनच ती मला हवी होती. तुमचं काय असेल ते तुम्हाला ठाऊक. पण वेळ "मिळाला तर" असा ठेवू नका, वार आणि तास ठरवा.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून बघा. बाळंतपणानंतर पहिले पंधरा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं. सात महिन्यांनीही रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. बाळंतपणानंतर ते बिघडू शकतं आणि माणूस खचून जातं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा, एकट्या राहू नका आणि लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

कामावर परत जायचं असेल तर निर्धास्त जा. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, आणि बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी मिळते. रुजू होण्याआधीच ऑफिसला हे लेखी विचारा. सासूबाईंशी मात्र नवऱ्याला बोलू द्या. त्यांच्या मुलाने सांगितलेलं त्यांना कमी टोचेल.