स्कायरिममध्ये लाइट आर्मर घ्यावं की हेवी? पर्क कुठे खर्च करावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये नॉर्ड (गेममधली माणसांची एक जात) आहात, तलवार-ढाल घेऊन खेळताय, लेव्हल १४ झाली आहे, अंगावर काही लाइट तर काही हेवी, जे सापडेल ते चढवलंय. आता पर्क (लेव्हल वाढली की मिळणाऱ्या खास क्षमता) कुठे टाकायचे, आणि लाइट निवडलं तर पुढे टिकाव लागेल का?

टिकाव नक्की लागेल. आर्मरमुळे तलवारीचा, बाणाचा मार जास्तीत जास्त ८० टक्के कमी होतो, आणि ही मर्यादा लाइट आणि हेवी दोघांना सारखीच आहे. हेल्मेट, छातीचं आर्मर, हातमोजे आणि बूट असे चारही भाग घातले असतील तर आर्मर रेटिंग ५६७ झालं की तुम्ही त्या मर्यादेला पोचलात. ढाल असेल तर ५४२ पुरतात, कारण अंगावरच्या प्रत्येक नगामागे ३ टक्के संरक्षण गेम परस्पर देतो, ते रेटिंगच्या आकड्यात दिसत नाही. बाकी रेटिंगच्या दर पॉइंटला ०.१२ टक्के. त्यामुळे ‘डेड्रिक (सर्वात भारी हेवी आर्मर) नाही तर काही खरं नाही’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. ड्रॅगनस्केल हे लाइट आर्मर आहे, आणि लोहारकाम नीट वाढवलं की तेही तिथे पोचतं.

मात्र अर्ध्या वाटेवर थांबू नका. ६० टक्के संरक्षण असताना १०० चा घाव ४० लागतो, ८० टक्क्यांवर तोच २० लागतो. शेवटच्या वीस टक्क्यांनी मार थेट निम्म्यावर येतो. लेजंडरी या सर्वात अवघड डिफिकल्टीवर शत्रूचा मार तिप्पट असतो, तिथे तर हा फरक जगण्या-मरण्याचा आहे.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे सरमिसळ. ती आजच्या आज बंद करा. स्किल वाढतं ते मार खाऊन, आणि दोन्ही जातींचं आर्मर घातलं की तो मार दोन स्किल्समध्ये वाटला जातो. एकही धड वर येत नाही. शिवाय लाइटमधला कस्टम फिट आणि हेवीमधला वेल फिटेड हे दोन्ही पर्क २५ टक्के जास्त संरक्षण देतात, पण चारही भाग एकाच जातीचे असतील तरच. दोन्हींना स्किल ३० लागतं, म्हणजे तुमच्या लेव्हलला ते हाताशी आलेले असायला हवेत. नुसते बूट जरी दुसऱ्या जातीचे असले तरी ते २५ टक्के गेले. ढाल यात धरली जात नाही, तिची काळजी नको.

दोन्ही स्किल्सच्या पर्कच्या झाडांचं खोड सारखंच आहे. हेवीत जगरनॉट, लाइटमध्ये अजाइल डिफेंडर, पाच-पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला २० टक्के. पाचही घेतल्या की रेटिंग दुप्पट. स्किल ७० ला दोघांकडे मॅचिंग सेट, म्हणजे एकाच संचाचे चारही भाग घातल्यावर आणखी २५ टक्के. इथवर कुणीच डावं-उजवं नाही.

फरक सुरू होतो वजनापासून. डेड्रिकचं छातीचं आर्मर ५० वजनाचं, ड्रॅगनस्केलचं १०. अंगावरचं वजन जितकं जास्त तितका धावताना स्टॅमिना लवकर संपतो, आणि गुहेतून बाहेर पडताना काय उचलायचं, काय सोडायचं याचा हिशेबही तेच वजन बिघडवतं. लाइटवाल्याला अनहिंडर्ड हा पर्क स्किल ५० लाच मिळतो, मग आर्मरला वजनच उरत नाही. हेवीत त्यासाठी कंडिशनिंग घ्यावा लागतो, तो ७० ला, आणि त्याच्या आधी दोन पर्क घेणं भाग असतं. त्यातला फिस्ट्स ऑफ स्टील फक्त नुसत्या मुठीने लढणाऱ्याच्या उपयोगाचा. दुसरा कुशन्ड, उंचावरून पडल्यावर निम्मी इजा. कडा पाहिला की उडी मारायची सवय असेल तर ठीक, नाहीतर तुम्हाला दोन्ही बिनकामाचे. वजनाच्या एका सोयीसाठी तीन पर्क द्यायचे, हे मला पटत नाही.

त्याऐवजी स्टीड स्टोन हा वरदान देणारा दगड गाठा. सॉलिट्यूड शहराच्या वायव्येला आहे. अंगावरच्या आर्मरचं वजन शून्य होतं, वर १०० वजन जास्त उचलता येतं, आणि ते तीन पर्क वाचतात. पण एका वेळी एकाच दगडाचं वरदान मिळतं, म्हणून हे लगेच करू नका.

आत्ता तुम्हाला वॉरियर स्टोन हवा. हेल्गेनहून रिव्हरवुडला उतरताना वाटेत तीन दगड एकत्र उभे आहेत, त्यातलाच एक. योद्ध्याची स्किल्स त्यामुळे २० टक्के वेगाने वाढतात. आणि बहुतेक सल्ल्यांत सुटून जाणारी गोष्ट इथेच आहे: हेवी आर्मर योद्ध्याच्या यादीत येतं, लाइट आर्मर चोराच्या. तुमची एकहाती तलवार, ब्लॉक (ढालीने वार अडवणं) आणि स्मिथिंग (लोहारकाम), तिन्ही योद्ध्याच्याच यादीत आहेत. हेवी घेतलंत तर चारही स्किल्स एकाच दगडाखाली वाढतील. लाइट घेतलंत तर ते एकटं मागे पडेल. धनुष्य आणि लपूनछपून मारणारा खेळाडू असता तर मी डोळे झाकून लाइट सांगितलं असतं, कारण स्नीक आणि लाइट दोन्ही चोराचेच. तुम्ही हेवीच घ्या.

पर्कचा क्रम असा ठेवा: जगरनॉटच्या स्किलप्रमाणे जेवढ्या पायऱ्या खुल्या असतील तेवढ्या, ३० ला वेल फिटेड, ५० ला टॉवर ऑफ स्ट्रेंथ. हा शेवटचा नुसता वाटेतला टप्पा समजू नका. घाव बसल्यावर तोल जाणं त्याने निम्मं होतं, आणि तोल गेलेल्या क्षणीच तर दुसरा घाव बसतो. ७० ला मॅचिंग सेट. १०० चा रिफ्लेक्ट ब्लोज (कधीकधी घाव मारणाऱ्यावरच उलटवणारा) सर्वात शेवटी.

एवढं करूनही लोहारकामाला पर्याय नाही. हिशेब बघा. डेड्रिकच्या चार भागांचं मूळ रेटिंग १०८. स्किल १०० झाल्यावर त्याच्या १.४ पट, जगरनॉटने दुप्पट, मग दोनदा सव्वापट. होतात सुमारे ४७०. गेममधलं मूळ रेटिंगने सर्वात भारी आर्मर, सगळे पर्क घेतलेले, तरी नुसत्या या चार भागांनी मर्यादा गाठली जात नाही. उरलेलं अंतर वर्कबेंचवर (आर्मर सुधारायच्या टेबलावर) भरून निघतं. व्हाइटरन शहराच्या वेशीतून आत शिरताच वॉरमेडन्सचं दुकान लागतं, तिथलं वर्कबेंच कुणालाही वापरता येतं. लोखंडी आर्मर असेल तर लोखंडाचा एक इनगॉट (धातूची लगड), पोलादी असेल तर पोलादाचा, एवढ्यावर प्रत्येक भाग सुधारतो. त्या धातूचा स्मिथिंग पर्क असेल तर सुधारणा दुप्पट. जादू भारलेल्या वस्तू सुधारायला मात्र स्मिथिंग ६० आणि आर्केन ब्लॅकस्मिथ हा पर्क लागतो. म्हणून जादुई आर्मर सापडलं की हुरळून साधं सुधारलेलं आर्मर विकू नका.

आणि जादूचा मार आर्मर रोखत नाही, मग ते लाइट असो की हेवी. ड्रॅगनची आग, जादूगाराची वीज, सगळं त्यातून आरपार येतं. नॉर्ड असल्याने थंडीपासून तुम्हाला ५० टक्के संरक्षण आहे, बाकीसाठी ढाल कामाला लावा. ब्लॉकमध्ये स्किल ३० ला डिफ्लेक्ट ॲरोज, त्याच्यापुढे ५० ला एलिमेंटल प्रोटेक्शन. ढाल समोर धरली की आग, थंडी आणि वीज तिन्ही निम्म्यावर येतात. जगरनॉटच्या तिसऱ्या पायरीनंतर पुढचा पर्क आधी यालाच द्या, बाकी थांबू शकतं.