स्ट्रिंग सिद्धांत नेमका कोणी शोधला, आणि प्रयोगाचा पुरावा नसताना तो इतकी वर्षे कसा टिकला?

स्ट्रिंग सिद्धांताचा, म्हणजे मूलभूत कण हे बिंदू नसून कंप पावणारे सूक्ष्म तंतू आहेत या कल्पनेचा, जनक म्हणून एकाच व्यक्तीचे नाव घेता येत नाही. ज्यांनी त्याची सुरुवात केली त्यांच्या मनात गुरुत्वाकर्षण नव्हते, विश्वाचे एकच समीकरण शोधण्याचा विचारही नव्हता. त्यांना अणुकेंद्र एकत्र बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाचे कोडे सोडवायचे होते. हा सिद्धांत मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून अपुरा ठरला आणि नंतर वेगळ्याच प्रश्नाला लागू पडला. तो इतकी वर्षे का टिकला याचे उत्तर या इतिहासातच असल्यामुळे मी तो थोडा सविस्तर सांगतो.

१९६०च्या दशकापर्यंत कणत्वरकांमधून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या यंत्रांमधून, प्रबल बल अनुभवणारे कण डझनांनी सापडू लागले होते, पण त्यांच्यातील बल इतके तीव्र होते की विद्युतचुंबकत्वासाठी यशस्वी ठरलेली गणिती पद्धत तेथे चालत नव्हती. बर्कलीतील जेफ्री च्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा असा मार्ग धरला की टकरीच्या आत काय घडते हे विचारायचेच नाही. कोणते कण आत गेले, कोणते बाहेर आले आणि त्याची संभाव्यता किती, एवढ्यावरच तर्कशुद्ध अटी लादायच्या. या मंडळींच्या हाती एक लक्षवेधी निरीक्षण होते. या कणांचा स्पिन (स्वतःभोवती फिरण्यासारखा एक अंगभूत गुणधर्म) आणि त्यांच्या वस्तुमानाचा वर्ग यांचा आलेख काढला तर बिंदू जवळजवळ सरळ रेषांवर पडत.

१९६८ साली गाब्रिएले वेनेत्सियानो या तरुण इटालियन शास्त्रज्ञाने या अटी एकाच वेळी पूर्ण करणारे सूत्र मांडले, आणि ते सूत्र म्हणजे अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने अभ्यासलेले बीटा फलन होते. जुन्या पुस्तकाची पाने चाळताना हे सूत्र त्यांना योगायोगाने सापडले अशी कथा फार सांगितली जाते. ती मला अन्यायकारक वाटते, कारण इस्रायलमधील वाइझमन संस्थेत वेनेत्सियानो आणि त्यांचे सहकारी याच अटींवर आधीपासून चिकाटीने काम करत होते, आणि काय शोधायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

सूत्र मिळाले, पण ते कोणत्या वस्तूचे वर्णन करते हे कळत नव्हते. १९७०च्या सुमारास योइचिरो नाम्बू, होल्गर नील्सन आणि लेनर्ड ससकिंड हे तिघे स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले, की हे सूत्र बिंदूंचे नसून कंप पावणाऱ्या सूक्ष्म तंतूंचे आहे. तंबोऱ्याच्या एकाच तारेतून जसे अनेक स्वर निघतात, तसे एकाच तंतूचे निरनिराळे कंप आपल्याला निरनिराळे कण म्हणून दिसतात. सरळ रेषांचे रहस्यही येथे उलगडते. ताणलेल्या तंतूची ऊर्जा त्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, तर तो फिरत असताना त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचे माप, म्हणजेच येथे स्पिन) लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून स्पिन हा वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. त्या रेषांच्या चढावरून तंतूतील ताण काढला, तर तो सुमारे सोळा टन वजनाइतका भरतो, आणि तोही प्रोटॉनएवढ्या जागेत.

एवढे सुंदर चित्र असूनही अडचणी मोठ्या होत्या. १९७१ मध्ये क्लॉड लव्हलेस यांच्या लक्षात आले की हे गणित अवकाश-काळाच्या, आपल्या ओळखीच्या चारऐवजी (लांबी, रुंदी, उंची आणि काळ), २६ मिती असतील तरच सुसंगत राहते. त्यात प्रकाशापेक्षा वेगवान असा एक अस्वीकारार्ह कण निघत होता, आणि इलेक्ट्रॉन किंवा क्वार्क (प्रोटॉनचे घटक) यांच्या जातीचे कण मुळीच निघत नव्हते. त्याच वर्षी पिएर रामाँ, तसेच आंद्रे नव्हू आणि जॉन श्वार्त्झ यांनी ही शेवटची उणीव भरून काढली, आणि मितींची संख्या २६ वरून १० वर आली. मात्र वस्तुमान शून्य आणि स्पिन दोन असा एक कण काही केल्या जात नव्हता, आणि प्रबल बलाच्या कणांमध्ये तसा कण कधीच दिसलेला नव्हता. पुढे १९७३ मध्ये क्वार्क आणि त्यांना जोडून ठेवणारे ग्लुऑन यांचा सिद्धांत भक्कम पायावर उभा राहिला, प्रयोगांशी जुळला, आणि बहुतेकांनी तंतूंचा नाद सोडला.

या संपूर्ण इतिहासातील सर्वांत धाडसी पाऊल माझ्या मते यानंतर पडले. १९७४ मध्ये जोएल शर्क आणि श्वार्त्झ यांनी, आणि जपानमध्ये तामिआकी योनेया यांनी स्वतंत्रपणे, त्या नकोशा कणाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. वस्तुमान शून्य आणि स्पिन दोन असलेला कण इतर कणांशी आंतरक्रिया करत असेल, तर कमी ऊर्जेला त्याचे वर्तन आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणासारखेच असावे लागते, हे आधीपासून माहीत होते. तेव्हा तो कण दोष नसून गुरुत्वाकर्षणाचा वाहक, म्हणजे ग्रॅव्हिटॉन आहे, असे त्यांनी म्हटले. त्यासाठी तंतूची लांबी प्रोटॉनच्या आकारावरून एकदम वीस दशमान पायऱ्या खाली आणावी लागली: एका मीटरचे, एकावर ३५ शून्ये इतके भाग केले तर जी लांबी उरते, तिच्या आसपास. शिवाय बिंदुकणांच्या गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम गणित करताना जी अनंते येतात त्यांचे कारण कणांचे एकाच बिंदूत भिडणे हे आहे, आणि तंतूंच्या बाबतीत ती भेट थोड्या जागेत पसरते. गुरुत्वाकर्षण येथे कोणी मुद्दाम घातले नव्हते, ते आपणहून बाहेर आले. तरीही पुढची दहा वर्षे फार थोड्यांनी याकडे लक्ष दिले, आणि शर्क यांचे तर १९८० मध्ये तरुणपणीच निधन झाले.

१९८४ मध्ये मायकेल ग्रीन आणि श्वार्त्झ यांनी चित्र पालटले. अशा सिद्धांतांत क्वांटम परिणामांमुळे सममिती (काही बदल केले तरी नियम तसेच राहण्याचा गुण) मोडून गणित निरर्थक होण्याचा धोका असतो. हे दोष परस्परांना छेदून शून्य होतात, पण फक्त विशिष्ट सममिती असेल तेव्हाच, आणि त्या सममितीच्या घटकांची संख्या ४९६ असावी लागते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर शेकडो शास्त्रज्ञ या विषयाकडे वळले. वर्षभरातच जादा सहा मिती सूक्ष्म आकारांत गुंडाळून आपल्या ओळखीच्या कणांसारखे कण कसे मिळवायचे, यावर काम सुरू झाले. मात्र एकाऐवजी पाच सुसंगत सिद्धांत हाती आले, ही गोष्ट सर्वांना खटकत होती.

तो पेच सुटण्याच्या वाटेवर मुंबईचा वाटा आहे, आणि मराठी वाचकांनी तो आवर्जून जाणून घ्यावा असे मला वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत असताना अशोक सेन यांनी १९९४ मध्ये अशा बद्ध अवस्थांचे (एकत्र बांधल्या गेलेल्या कणांच्या समूहांचे) अस्तित्व दाखवले, ज्या तीव्र आंतरक्रिया आणि क्षीण आंतरक्रिया यांच्यात अदलाबदल करणारी सममिती खरी असेल तरच असायला हव्यात. तोवर पुष्कळांना कल्पनाविलास वाटणारी ही सममिती त्यानंतर गांभीर्याने घेतली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या परिषदेत एडवर्ड विटन यांनी पाचही सिद्धांत अकरा मितींतील एकाच मूळ सिद्धांताची वेगवेगळी रूपे असल्याचे मांडले. १९९६ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या, आणि बेकेनस्टाइन व हॉकिंग यांच्या सूत्रातील एन्ट्रॉपी (सूक्ष्म अवस्था किती शक्य आहेत याचे माप) तंतोतंत मिळवली. १९९७ मध्ये हुआन मालदासेना यांनी गुरुत्वाकर्षण असलेला एक सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण नसलेला, एक मिती कमी असलेला दुसरा सिद्धांत हे एकच असल्याचे प्रतिपादन केले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. हा सिद्धांत टिकला, कारण सुसंगतीची अट पाळताना त्यातून वारंवार असे काही निघाले जे त्यात कोणी घातलेले नव्हते: आधी गुरुत्वाकर्षण, मग ४९६, मग कृष्णविवराची एन्ट्रॉपी. अभ्यास चालू ठेवण्यास हे कारण मला पुरेसे वाटते. निसर्ग असाच आहे असे म्हणण्यास ते पुरेसे नाही. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, पण सुपरसिमेट्री, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो ही स्ट्रिंग सिद्धांतात वापरली जाणारी कल्पना, हिचे अपेक्षित कण अजून सापडलेले नाहीत. ते याहून जड असू शकतात, त्यामुळे सिद्धांत खोटाही ठरत नाही, आणि टीकाकारांची तक्रार नेमकी हीच आहे. जादा मिती गुंडाळण्याचे पर्याय एकावर ५०० शून्ये इतके असू शकतात असा अंदाज असल्यामुळे त्या तक्रारीला आणखी धार येते. क्वांटम गुरुत्वाकर्षणाकडे जाणारा हाच एक रस्ता आहे असेही नाही. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये मांडलेल्या नव्या चलांवर (समीकरणांतील राशींवर) लूप क्वांटम गुरुत्वाकर्षण हा अगदी वेगळा मार्ग उभा आहे.

सध्याचा सर्वांत जिवंत वाद कृष्ण ऊर्जेबद्दल, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेबद्दल, आहे. २००३ मध्ये शमित काचरू, रेनाटा कालोश, आंद्रे लिंडे आणि टाटा संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी, प्रसरणाचा वेग वाढत जाणारे आपल्यासारखे विश्व स्ट्रिंग सिद्धांतात कसे बसवता येईल याची रचना दिली. २०१८ मध्ये वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या उलट अटकळ मांडली, की अशी स्थिर ऊर्जा या सिद्धांतात संभवतच नसावी आणि कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी. दीर्घिकांच्या वितरणाचे मोजमाप करणाऱ्या डेसी या प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये तशा बदलाचे संकेत दिले आहेत, पण ते अजून निर्णायक नाहीत. ते पक्के झाले तरी स्ट्रिंग सिद्धांत सिद्ध होणार नाही; मात्र या दोन मतांपैकी कोणते सोडावे लागेल, याबद्दल आकाशातून काही सांगितले जाईल.