गोळी घेता का, असं विचारूच नकोस

बाय,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण मोबाईलवर अंगठ्याने एवढं टाईप करणं मला जमत नाही म्हणून आज सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरवर बसलेय. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथे, पोस्टिंग म्हटल्यावर तुझी आई घाबरली, ते तिचं ती निस्तरेल. तू घाबरली नाहीस ना, मग झालं. तुझी तक्रार काय तर पेशंट समोर मान डोलावतात आणि घरी जाऊन गोळ्या चुकवतात.

आपण विचारतोच कसं बघ. "गोळ्या रोज घेता ना?" याला उत्तर एकच, "हो सिस्टर". बाहेर बारा जणांची लाईन, एसटी साडेबाराची, कोण कशाला नाही म्हणेल.

मी पण वर्षानुवर्षं तेच विचारत होते. मग एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, भेटला, बंदरावरचा, गडी एकदम टापटीप. दर महिन्याला बाटली आणायचा, मी मोजायची, हिशेब चोख. तीस दिल्या, अठ्ठावीस दिवसांनी आला की दोन शिल्लक. मी त्याचं उदाहरण दुसऱ्यांना द्यायची, एवढा विश्वास. आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, आलं हजाराच्या कितीतरी वर. मला वाटलं लॅबचीच चूक. खोलीचं दार लावलं, त्याला बसवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा "घेता ना" न विचारता "बोटीवर बाटली कुठे ठेवता?" असं विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, बोटीवर नेतच नाही. आठ-दहा दिवस समुद्रात, सात-आठ खलाशी एकाच केबिनमध्ये, बाटली दिसली की कोणीतरी विचारणारच. आणि उरलेल्या गोळ्या? माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी मोजून खाडीत टाकायचा. कारण आधी एकदा नऊ गोळ्या जास्त निघाल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं. म्हणजे खोटा हिशेब करायला त्याला मीच शिकवलं ना!

तेव्हापासून पिल काउंट करते पण त्यावर विसंबत नाही. कुठे ठेवता, कोणाच्या नजरेसमोर घेता, गेल्या आठवड्यात कुठला दिवस अवघड गेला, असं विचार. आणि एखाद्याने "तीन चुकल्या" सांगितलं की आधी त्याला म्हण, सांगितलंत ते बरं केलंत. तोंड वाकडं केलंस की पुढच्या वेळी हिशेब चोख येणार, लक्षात ठेव.

त्या तांडेलाचं मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. फेरीच्या दिवसांच्या गोळ्या आणि वर चार जास्त, कारण वारा फिरला की बोट वेळेवर परत येत नाही. घट्ट फिरकीची छोटी डबी, ती तंबाखूच्या चंचीत. वेळ म्हणजे संध्याकाळी जाळं टाकून झाल्यावरचा चहा. कोणी विचारलंच तर काय सांगायचं ते त्याचं त्यानेच ठरवलं, मी त्यात पडले नाही. तीन महिन्यांनी परत व्हायरल लोड केला, खाली आला होता. (तंबाखू सोडा म्हणून मी तेव्हा बोलले नाही. एका वेळी एकच भांडण.)

बोटीवाल्यांचं कॅलेंडर पाठ कर. १ जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा ते घरी असतात, क्रिएटिनिन बिनिन किडनीची रक्ततपासणी राहिली असेल तर तेव्हाच उरक, कारण रोजच्या गोळीतलं टेनोफोविर किडनीवर जाऊ शकतं. आणि अंगदुखीला मेडिकलमधून स्वतःच पेनकिलर घेणारे खूप, ते मुद्दाम विचार. नेपाळी खलाशी बंदीत गावाला जातात, त्यांना पुरेशा गोळ्या आणि ट्रान्सफरचं पत्र मे महिन्यातच दे. मुंबईवाले चाकरमानी गणपतीला येतात आणि बाटली तिकडेच विसरतात, त्यांना उद्या या म्हणून परत पाठवू नकोस, डॉक्टरांशी बोलून तिथल्या तिथे सोय कर.

आपल्याकडचा पाऊस तर गोळ्यांचा दुश्मन. एक बाई यायची, बाटली खडखडते म्हणून सासूला कळेल या भीतीने गोळ्या कागदात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायची. श्रावणात पुडी उघडून दाखवली तर गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या. बाटलीतली ती छोटी पुडी फेकायची नाही, ती ओल शोषून घेते, हे प्रत्येकाला हातात धरून दाखव. श्रावणावरून आठवलं, उपास आहे म्हणून गोळी चुकवणारे भेटतील. टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली आपली रोजची गोळी, रिकाम्या पोटी चालते, पाण्यासोबत घ्या म्हणावं. देवाला गाऱ्हाणं घालतात तेही घालू देत, त्यावरून वाद नको.

आता "सिस्टर, रिपोर्ट बरो इलो मां, आता गोळी बंद केलंय तर चलात?" हा प्रश्न तुला आठवड्यातून एकदा तरी येणार. मी खारबंधाऱ्याचं सांगते, खाडीकाठच्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही. शेत गोडं राहिलं म्हणून बांध काढतो का आपण? समुद्र काही आटत नाही, तो पलीकडे असतोच. खेकड्याने एक भोक पाडलं तरी भरतीला खारं पाणी आत. आणि अधूनमधून गोळ्या चुकवल्या की व्हायरस त्याच औषधाला सरावतो, मग तोच बांध चालत नाही, दुसरा घालावा लागतो. रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी चांगली बातमी पण दे की! व्हायरल लोड दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे नवरा-बायकोला एकत्र बसवून सांग, अर्थात दोघांना माहीत असेल तरच. अंगावर पाजण्याचा हिशेब वेगळा, तो यात मिसळू नकोस.

गोळी चुकली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाही. झोप उडत असेल तर सकाळी घ्यायला सांग. गरोदर बाईची लोह-कॅल्शियमची गोळी डोल्युटेग्राविरसोबत रिकाम्या पोटी नको, घ्यायचीच तर दोन्ही जेवणासोबत, नाहीतर एआरटीची आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. अॅसिडिटीच्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतरच ठेवायचं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं की डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी लागते, ती डॉक्टरांनी लिहिली का ते तूच बघ. खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, टीबी हुडकायला हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत.

एक माझी चूक सांगून ठेवते. ड्यू लिस्टमधला एक पेशंट आला नाही म्हणून मी घरी फोन लावला, सुनेने उचलला आणि मी घाईत "एआरटीमधून बोलतेय" म्हणून गेले. तो माणूस परत कधी आमच्याकडे आला नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागूही झाला, त्यात संमतीशिवाय कोणाचं स्टेटस सांगायचं नाही हे स्पष्ट लिहिलंय, पण मला ते कळायला कायदा यायची गरज नव्हती. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारून घे, फोन कोण उचलतं, काय नाव सांगून बोलू. एका पेशंट बाईच्या घरच्यांसाठी मी शिवणक्लासवाली होते, ब्लाऊज तयार आहे म्हणायचे की ती दुसऱ्या दिवशी हजर.

आणि तुझं स्वतःचं. सुई टोचली तर बोट दाबत, चोखत बसू नकोस, साबण-पाण्याने धू आणि लगेच पीईपीसाठी, म्हणजे लागण टाळायच्या औषधासाठी जा, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. रात्रपाळीत तो डोस कुठल्या कपाटात आहे आणि चावी कोणाकडे, ते उद्याच विचार.

शिमग्याला येशील ना, तेव्हा तुझं काउन्सेलिंगचं रजिस्टर नको आणू, ती हेडफोनची वायर आण, माझी गेलीय.

तुझी मावशी