तिसऱ्या चाकाला कॉम्प्रेसर बंद पडतो आणि सर्व्हिसवाले म्हणतात ‘दोष आढळला नाही’

तुम्ही लिहिलंय की वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा उतरवता आणि बाहेर आल्यावर गाडीतल्या छोट्या कॉम्प्रेसरने ती परत भरता, तेव्हा दोन चाकं नीट भरतात, तिसऱ्याला कॉम्प्रेसर गपगार होतो आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही असा पुन्हा चालू होतो. सर्व्हिस सेंटरने ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवला, तर पुढच्या वेळी हवा कमीच उतरवावी का, असा तुमचा प्रश्न. हाच शेरा मारलेले कागद माझ्याकडेही आहेत, तेही एकाच यंत्राचे. म्हणून जरा लांबण लावतो.

कंपनीचं नाव घेत नाही. त्यांची तपासणी म्हणजे काय, तर टेबलावरच्या सप्लायला वायर जोडायची, नळी मोकळी सोडायची आणि मिनिटभर मोटर फिरवायची. फिरली की पास! हमालाला रिकाम्या हाती चालवून पाठ ठणठणीत असल्याचं सांगण्यातला प्रकार. दरवेळी पाठवण्याचा खर्च माझा, दरवेळी नवा तक्रार क्रमांक, आणि या येरझाऱ्यांत वॉरंटी संपली. मग मी स्वतःच हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडलं. पिस्टनची सील रिंग झिजली होती. मोकळ्या हवेत अशी रिंग काहीच त्रास देत नाही, आवाजही तोच येतो. टायरमध्ये दाब चढू लागला की हवा रिंगच्या कडेने मागे निसटते, मोटर राबत राहते, सिलिंडर तापतो आणि उष्णतेचा कट-ऑफ सगळं बंद करतो. गार झालं की पुन्हा चालू. म्हणजे त्यांच्या पद्धतीने जन्मभर तपासलं असतं तरी दोष सापडला नसता.

तुमचंही तेच असेल असं छातीठोकपणे सांगत नाही. आधी हे करा: इंजिन चालू ठेवा, एक टायर १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आणा आणि ३५ पर्यंत भरताना घड्याळ लावा. भरणं चालू असतानाच कॉम्प्रेसरच्या टोकाशी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. इंजिन चालू असूनही तिथे १२ च्या खाली येत असेल तर दोष वायरीत, चिमट्यांत किंवा सॉकेटमध्ये शोधा, यंत्राला बोल लावू नका. व्होल्टेज ठीक आहे, पण २५-२८ पीएसआयच्या पुढे दाबाचा काटा रांगायला लागतो? मग माझा संशय रिंगवर. या सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि तक्रारीत स्पष्ट लिहा की तपासणी टायर जोडून, दाबाखाली करावी आणि लागलेला वेळ शेऱ्यात नोंदवावा. तोंडी सांगितलेलं काउंटरच्या पलीकडे पोचत नाही.

लायटर सॉकेटवर चालवत असाल तर तो वेगळाच विषय. तिथला फ्यूज बहुतेक १०-१५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार तर १८० वॉट. मोठा फ्यूज बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वायर जळेल. ताकदवान कॉम्प्रेसर थेट बॅटरीवरच लावायचा.

नवा घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावरच्या ‘१५० पीएसआय’कडे ढुंकूनही बघू नका. आपल्याला ३५ च्या वर जायचंच नसतं. एसयूव्हीच्या टायरमध्ये साधारण ६०-७० लिटर जागा असते. तो १८ वरून ३५ वर न्यायला ७५ लिटरच्या आसपास मोकळी (न दाबलेली) हवा आणखी लागते, चार चाकांना ३००. ‘३५ लिटर प्रति मिनिट’ हा आकडा बहुधा शून्य दाबावरचा असतो, दाबाखाली तो बराच घटतो. म्हणजे छोटं यंत्र सलग पंधरा-वीस मिनिटं राबणार. तेवढं राबायची त्याची क्षमता आहे का, किती वेळ चालवून किती वेळ थांबवायचं, हे पुस्तिकेत आधी वाचा.

आता तुमचा मूळ प्रश्न. कॉम्प्रेसरच्या धास्तीने हवा कमी उतरवणं मला पटत नाही. मऊ वाळूत २६ वर शिरून चाकं फिरवत रुतत बसण्यापेक्षा १८ वर आरामात निघून जावं. साध्या रिमवर १५ च्या खाली मात्र जपून, वळताना बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड, रिमवरून सुटू शकतं. (टायर, वजन, लोड रेटिंग यांनुसार आकडे बदलतात. मी टायर इंजिनिअर नाही, माझ्या गाडीवरून बोलतोय.) यंत्राचा भरवसा नसेल तर दुसऱ्या गाडीशिवाय जाऊच नका.

कारण खरा खर्च पुढे होतो. माझा कॉम्प्रेसर अर्ध्यात बसला आणि हवेच्या शोधात डांबरी रस्त्यावरून तसंच हळूहळू जावं लागलं. टायर बाहेरून धडधाकट दिसत होता. रिमवरून उतरवल्यावर आत काळा रबरी भुगा निघाला, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आतून सोलवटलेली. टायरवाल्यांनी क्लेम नाकारला आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कमी हवेवर साइडवॉल सतत दुमडते, तापते आणि आतून मरते. राग आहे तो त्या शेरा मारणाऱ्यांवर.

तोवर एक करा. एकेक चाक पूर्ण भरत बसू नका. आधी चारही २५ वर आणा, यंत्राला विश्रांती द्या, मग दुसऱ्या फेरीत ३५ करा. मध्येच बंद पडलं तरी दोन चाकं ३५ वर आणि दोन १८ वर अशी लंगडी गाडी रस्त्यावर न्यावी लागत नाही. तापलेल्या टायरचं रीडिंग चार-पाच पीएसआय जास्त दाखवू शकतं, म्हणून सकाळी गार असताना पुन्हा मोजा. आणि टायरमध्ये भरलेल्या नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळायची नाही म्हणून कोणी अडवलं तर सोडून द्या, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.